दिवे बंद, मीटर चालू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्री. बोनिफासियो गेल्वेसोन, व्यासपीठावरचे फादर एमेतेरियो, वीज सहकारी संस्थेचे अधिकारी आणि लाइनमन मंडळी, आजचे सत्कारमूर्ती, आम्हा सगळ्यांचे थोरले दादा, नोंग तेओफिलो आणि सभागृहातल्या माझ्या गाववाल्यांनो,

मी जरा मोठ्याने बोलेन. पहिल्या रांगेत माझा धाकटा भाऊ अन्सेल्मो बसला आहे. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही. का, तेही आज सांगणार आहे. नोंग, मान हलवू नका. एकेचाळीस वर्षं तुम्ही मला गप्प बसवलंत, आज माईक माझ्या हातात आहे.

खोलीतून निघताना दिवा मालवावा, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पुरिफिकासिओन शिकवायच्या. त्यांच्या पट्टीचा मार गोड वाटावा, असं आमचं घर होतं. विजेचं बिल आलं की तातय, म्हणजे आमचे वडील, कमरेचा पट्टा काढायचे. "दिवा कुणी चालू ठेवला?" उत्तर काहीही असो, मार सगळ्यांना. आम्ही इस्त्री सोडली, रेडिओ सोडला. अंधारात जेवू लागलो, माशाचे काटे बोटांनी चाचपत. बिल तसंच!

एका दुपारी अन्सेल्मो पंख्याशेजारी अभ्यास करत होता. पंखा बंद होता, पण खिडकीतल्या वाऱ्याने पाती हलत होती. तातयनी तोच पंखा उचलून त्याच्या कानावर घातला. नऊ वर्षांचा होता हो तो. नानय, आमची आई, मध्ये पडली, तेव्हा तिचे दोन दात जमिनीवर पडले. ते मी वेचले.

मग तातय नेहमीसारखे सान रोके या संताच्या चॅपेलमध्ये जाऊन गुडघ्यांवर रडले. मूर्तीमागे दिव्यांचं वलय अष्टौप्रहर जळायचं. त्या उजेडात त्यांचा चेहरा फार गरीब दिसायचा.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडाने नानय संस्थेच्या कचेरीत गेली. तिथे बावीस वर्षांचे नोंग होते. "तोतो, बाळा, सगळं बंद केलं तर वीज खरंच वाचते का रे? खरं सांग, माझ्या पोराचा जीव आहे त्यावर."

नोंग शिडी घेऊनच आले. घरातला मुख्य खटका पाडला आणि आम्हाला रस्त्यावरच्या खांबाशी नेलं. मीटर तिथे टांगलेलं असतं. चकती फिरत होती.

"नांग, ताई, घरात मुंगीएवढी वीज नाहीये. वाटेत कुणीतरी तार जोडलीय."

हे तातयनी ऐकलं. ऊस तोडायचा कोयता उचलून ते थेट शेजारच्या अंगणात. "गोरिओ! बाहेर ये, चोरा! तुझ्यापायी मी माझी पोरं झोडपली!"

"सेवेरो, डोकं फिरलं का तुझं? माझ्या घरात एक बल्ब, तोही फुटका!"

कोयता वर गेला. नोंगनी धावत येऊन ते पातं उघड्या हाताने धरलं. दोन बोटं चिखलात पडली. गोरिओचा कोंबडा त्या बोटांवर धावला, नानयने त्याला लाथ मारली.

आणि हा माणूस, हाताला सदरा गुंडाळत, तातयना काय म्हणाला? "मानोंग, दादा, मारायचं तर मारा नंतर. आधी तार कुठे जाते ते बघू."

तार आमच्या वळचणीतून निघून, बांबूच्या बेटातून, चॅपेलमध्ये गेली होती. दोन वर्षांपूर्वी तातय सान रोकेच्या उत्सवाचे यजमान होते. रोषणाई आणि थंड पेयं स्वतःच्या घरच्या विजेवर, हा यजमानाचा मान. तार त्यांनीच जोडली होती. उत्सवानंतर चार दिवस नशेत गेले, तार राहिली. पुढच्या यजमानांना वाटलं, चॅपेलची स्वतःचीच वीज असेल. मागच्या खोलीची किल्ली अजून आमच्याच खिळ्याला होती. तातयनी दार उघडलं. मोठा फ्रीज घुरघुरत होता. आत बर्फ, आणि फुटलेली एक बाटली.

नोंगनी धड हाताने पिन उपसली. वलयही विझवलं.

त्या संध्याकाळी नानयने घरातला एकेक दिवा लावला. रेडिओ लावला. वाकडा झालेला पंखा लावला. मग पट्टा तातयच्या मांडीवर ठेवून समोर उभी राहिली. "घ्या. आज सगळं मीच चालू ठेवलंय."

तातय उठले नाहीत. पुढे कधीच हात उठला नाही, असं म्हणणार नाही. एवढ्याने माणूस बदलत नाही. पण हात उठला की नानय बटणाकडे जायची, दिवा लावायची आणि तो हात खाली यायचा.

कचेरीच्या वहीत नोंगनी लिहिलं, 'तार काढताना बोटं गेली.' तातयचा तुरुंग त्यांनी आपल्या हातावर घेतला. आजच्या मानपत्रातही तेच छापलंय. ते खोटं आहे, अध्यक्ष महोदय. दुरुस्त करून घ्या.

मी नोंगना अजून विचारते, दिवे मालवून वाचतं का हो काही? ते हसतात. "वाचतं की, इंदाय, पोरी. पण चिमूटभर. खादाड वस्तू डोळ्याआड बसलेली असते, आधी ती शोधायची."

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये ते बोलले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

अन्सेल्मो, ऐकू आलं ना रे? दिवा तू चालू ठेवला नव्हतास.