रविवारचे आकडे

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर सातवा, त्यामुळे शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकणं मला भागच होतं.

“ताई, मॅडमनी मला प्रयोगशाळेत पगारी मदतनीस केलं.”

“सहा महिने फुकट राबलीस, आता रडतेस कशाला?”

“रविवारी मी बियांचे कोंब मोजायला कधी गेलेच नाही. मनाचेच आकडे लिहिले.”

“तू आणि रविवारी उठणार! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.”

“थट्टा नको गं. मॅडमचा शोधनिबंध आज छापायला जातोय, त्याच आकड्यांवर.”

“मग आत्ता सांग.”

“काम जाईल माझं.”

“जाईल कदाचित.”

“तू लाव ना फोन.”

“मी शेजारी बसते. बोलायचं तू.”

“वाजतोय... मॅडम, मी बोलतेय. नाही, आभार मानायला नाही केला फोन.”