प्रश्न मजबुतीचा होता

नाही, तुम्हीच सांगा, लोकांच्या हॉलमध्ये काय असतं? सोफा असतो, टीव्ही असतो, फार तर एखादी कुंडी... गिअरबॉक्स कुणाच्या हॉलमध्ये असतो हो? आमच्याकडे दोन आहेत! एक सोफ्याशेजारी, एक टीव्हीखाली, आणि पाहुणे आले की बायको रीतसर ओळख करून देते, "हा चार गिअरचा, हा पाच गिअरचा, आणि हे आमचे हे." म्हणजे माझा नंबर तिसरा! पण मी ऐकून घेत होतो. तुम्हाला सांगतो, सगळं ऐकून घेत होतो, कारण प्रश्न मजबुतीचा होता!

आता ज्या जीपसाठी हे दोघे आले, ती जीप कुणाची? आत्याची. माझी आत्या गुरांची डॉक्टर, चाळीस वर्षं त्या जीपमधून डोंगरातले गोठे पालथे घातले तिने, आणि मागच्या महिन्यात किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "गाडी तुझी. पण तीस तारखेला माझं लायसन्स संपतंय आणि डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, आता मी सही करणार नाही. त्याच्या आत एकदा मला ती स्वतः चालवत वरच्या माळावर न्यायचीय. एकदाच." आत्या आयुष्यात कुणाकडे काही मागणारी बाई नाही हो! मी म्हटलं, आत्या, तू फक्त येऊन बस!

आणि लागलो कामाला. गाडी धुतली, आरसे बदलले, सीटला कव्हरं शिवली, तिचे गुडघे दुखतात म्हणून ड्रायव्हरच्या पायाखाली गालिचा टाकला, असा जाड की पाऊल रुतावं... आणि एवढी नटवल्यावर ऐन वेळी गाडीने काय करावं? पहिला गिअर टाकला, कर्रर्र! रिव्हर्स टाकला, कर्रर्र! शेजारच्या काकू गॅलरीत येऊन विचारतात, "काही दळताय का?"

नेली मिस्त्रीकडे. आता या मिस्त्रीचे बूट तुम्ही पाहिले नाहीत, त्या बुटांवरचं ऑइल काढलं तर आणखी एक गाडी चालेल, म्हणून मी शहाण्यासारखा गालिचा गुंडाळून घरी ठेवला. मिस्त्री बसला, गिअर टाकला... आवाज नाही! गुपचूप गेला आत! मिस्त्री म्हणाला, "साहेब, ठीक आहे की." घरी आणली, गालिचा घातला, कर्रर्र! पुन्हा नेली, गुपचूप! पुन्हा आणली, कर्रर्र! तीनदा झालं असं. शेवटी मिस्त्रीने कानामागे पेन्सिल खोवली आणि निकाल दिला, "आतून दात कच्चे झालेत साहेब. मनात आलं तर चालतात, नाहीतर नाही. दुसरा मजबूत बॉक्स टाकू." बस! मजबूत म्हणजे कुठला?

मिस्त्री म्हणे, "जुना चार गिअरचाच घ्या. ओतीव लोखंड! डब्याची लांबी तेवढीच, गिअर चारच, म्हणून एकेक दात अंगठ्याएवढा रुंद. पाचवा घुसवायचा तर बाकीच्या चौघांनी अंग चोरायचं की नाही?" पटलं. घेऊन आलो. लगेच मेव्हणा हजर! हा ऑफिसात फाइली सरकवतो, पण गाड्यांचं सगळं याला तोंडपाठ. "भाऊजी, रुंदीवर जाऊ नका हो! पाच गिअरवाल्याचे दात बघा, तिरके कापलेत. एका वेळी दोन दोन दात भार उचलतात. शिवाय वजनाला निम्मा!" तेही पटलं! माझं हे असंच आहे, समोरच्याचं मला पटतंच. तोही आणला.

मग दोघांची तुलना. व्हर्नियर घेऊन दात मोजले, वही भरली, तराजू नाही म्हणून घरातल्या वजनकाट्यावर लोखंडी बॉक्स ठेवला... तो काटा तेव्हापासून प्रत्येकाचं वजन बावीस किलो दाखवतो. बायको त्या एका गोष्टीवर खूश आहे. बाकी म्हणायची, "अहो, कुठला तरी एक बसवा ना! तारीख जवळ आली." अगं पण कुठला तरी कसा? माळाच्या चढावर अर्ध्यात दात तुटला आणि आत्या मागे मागे घरंगळत आली तर? कबूल करतो, रात्री उठून पुन्हा दात मोजायचो मी. प्रश्न मजबुतीचा होता!

आणि तुलना करता करता तीस तारीख उजाडली. सकाळी आठला आत्या दारात! पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. मी मान खाली घालून सगळं सांगितलं... म्हटलं, आत्या, चुकलो, मला ठरवताच आलं नाही. ती हॉलमधल्या दोघांकडे बघून म्हणाली, "हे दोन इथे. मग गाडीत काय आहे?" मी म्हटलं, तो जुना. खराब झालेला. "बघू," म्हणाली आणि जाऊन बसलीसुद्धा! कर्रर्र! ऐकलंस ना, मी म्हटलं. पण तिचं लक्ष खाली. "अरे, क्लच पुरता दबत नाहीये. माझा पाय पत्र्याला टेकायचा, आज मऊ मऊ काय लागतंय?" वाकली, गालिचा धरला, ओढला आणि माझ्या अंगावर फेकला. क्लच दाबला. ठक्! पत्र्याला टेकला. गिअर टाकला... गुपचूप!

माझा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! मिस्त्रीकडे नेताना गालिचा काढायचो मी, घरी आणल्यावर घालायचो मी, आणि दात कच्चे कुणाचे म्हणे? गिअरबॉक्सचे!

पण तुम्हाला सांगतो, त्यानंतरचा तासभर मी विसरणार नाही. दगडगोट्यांची ती चढण, आत्या पहिल्या गिअरमध्ये अशी शांतपणे चढवत होती, मधेच "इथल्या म्हशीला जुळी झाली होती" म्हणत होती, आणि वर पोचल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग चष्मा पुसला. माझा जीव भांड्यात पडला हो! नुसता पडला नाही, डोळ्यांतून बाहेरसुद्धा आला. मग तिने किल्ली काढून दिली. "उतरताना तू चालव. आणि क्लच पत्र्याला टेकव, गाढवा."

टेकवला. चांगला टेकवला!

आता ते दोन बॉक्स? परत घ्यायला कुणी तयार नाही. मिस्त्री म्हणतो पाचवाला घेतलातच कशाला, मेव्हणा म्हणतो चारवाला घेतलातच कशाला. फरशीला तडे जायला लागले, म्हणून बायकोने दोघांच्या खाली तोच गालिचा अंथरलाय. मी म्हटलं, अगं, तो नको, तो बघितला की मला लाज वाटते! तर म्हणाली, "असू द्या हो. हॉलमध्ये कुठे कुणाला गिअर टाकायचाय?"