पेटलेली पेटी

अध्यक्ष महोदय, उत्सव समितीचे सारे मान्यवर, खाणीतले माझे भाऊ, कॉलनीतल्या बाया, आणि तिथी भिंतीले टेकून बसलेल्या माझ्या वच्छलावहिनी.

मी चंद्रकला. ऑर्केस्ट्रात गाते. तुमी मले झगमग साडीत पाह्यलं आहे, अशी पांढऱ्या साडीत पाह्यली नसन. आज गाण्यासाठी नाई, बोलाले माईक घेतला. मले भाषण येत नाई. शुद्ध बोलणं तं बिलकुलच येत नाई, जसं येते तसं बोलीन. विहार भरून गेला, बाहेर अंगणातही लोक उभे आहेत. एवढी माणसं प्रभाकरभाऊ जिवंत असताना त्याचं वाजवणं ऐकाले बसली असती तं... जाऊ द्या.

मी तं दोन शब्दच बोलणार होती. भाऊ चांगला माणूस होता, ऑर्केस्ट्राचा आधार गेला, एवढं बोलून बसणार होती. पण माझ्या आधी अध्यक्ष साहेब बोलले. काय बोलले, ऐकलं ना साऱ्यांनी? "प्रभाकरला त्याच्या छंदानं नेलं." छंद! तुमी माना हलवल्या. वहिनीनं तो शब्द ऐकला अन् मान खाली घातली. काऊन घालावी तिनं मान खाली? कोणाचं काय चोरलं तिनं?

आता मी बसत नाई. आता तो छंद काय होता, ते ऐकूनच घ्या.

प्रभाकरभाऊ खाणीत वायरमन होता, हे साऱ्याईले माहीत आहे. ड्यूटी सुटली का ऑर्केस्ट्रात पेटी वाजवे. एक दिवस त्याले साहेब लोकाईच्या क्लबात बोलावलं, रेकॉर्ड प्लेअर बिघडला होता. भाऊनं दुरुस्त केला. साहेबानं चालते का पाहाले एक फॉरेनची रेकॉर्ड लावली. लंब्या केसाच्या पोट्ट्याईचा बँड. अन् त्या गाण्याच्या मधात एक बाजा असा ओरडला म्हणे, का भाऊच्या हातातला पेचकस खाली पडला. त्यानं विचारलं, "साहेब, हे काय वाजून राह्यलं?" साहेब म्हणाला, ऑर्गन. भाऊ म्हणाला, "म्हणजे पेटीच ना?" साहेब हसला. म्हणाला, तसंच समज.

भाऊ तिथून थेट आमच्या रियाजाले आला. दारातूनच म्हणाला, "चंद्रकला, आज मी पेटलेली पेटी ऐकली."

आमी सारे हसलो. तबलेवाला म्हणाला, पाणी टाकाचं होतं ना मंग! पण भाऊ हसला नाई. त्या दिवसापासून त्याच्या कानात तो आवाज बसला तो बसलाच.

मंग काही वर्षांनी आमचे मालक, गुलाबभाऊ, ते बसले आहेत पाहा दुसऱ्या रांगेत, त्यांनी मुंबईहून सिंथेसायझर आणला. काळा, पातळ, जपानी. बटण दाबलं का बासरी, बटण दाबलं का सतार. गुलाबभाऊ लय खूश. चार वाजवणाऱ्याईचं काम एका डब्यात! प्रभाकरभाऊनं त्यातलं ऑर्गनचं बटण शोधलं, दाबलं, डोळे मिटून ऐकलं. मी विचारलं, "काय भाऊ, भेटली का तुमची पेटी?"

म्हणाला, "नाई वं. हा लय सज्जन हाये. यानं जन्मात काही पाप केलं नाई."

अन् मंग तो त्या सज्जनाले बिघडवाले बसला. सुट्टीच्या दिवशी मशीन घरी आणे. वहिनी चहा करे, मी बाजूले बसून राहो. मले मशीनचं कळत नाई, पण पाहून पाहून जेवढं समजलं तेवढं सांगते. कंपनीनं भरलेला आवाज त्यानं आधी पुरा काढून टाकला. मंग एक साधा सूर घेतला, शिटीसारखा. त्याच्यावर दुसरा चढवला, त्याच्यावर तिसरा. म्हणे, "आपल्या पेटीत कसं, खर्जाची पट्टी, मधली पट्टी, तारेची पट्टी? तसंच हाये हे. कोणाले किती बोलू द्याचं, तेवढंच पाहाचं हाये." कोणता सूर कमी, कोणता जास्त, यातच त्याचा पुरा पावसाळा गेला.

जुन्या ऑर्गनची पट्टी दाबली का आधी टक असा आवाज येत होता म्हणे. मशीनमधी तो नव्हताच. भाऊले राग आला. "जपान्यानं टक धुऊन टाकली. ती टकच तं जीव हाये!" मंग त्यानं एक एवढासा, चिमटीएवढा आवाज बनवला अन् सुराच्या तोंडाशी चिकटवला. मंग घसा. म्हणे आवाजाचा घसा बसलेला पाहिजे. जुना वॉल्व्हचा रेडिओ आणला, त्याच्यातून तो आवाज सोडला, अन् रेडिओ रडेपर्यंत व्हॉल्यूम वाढवला. शेजारचे भांडाले आले. भाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाला, "माफ करा जी, चंद्रकलेचा घसा बसला हाये."

एवढं सारं झालं तरी त्याचं मन भरे ना. म्हणे, "साहेबाच्या रेकॉर्डमधला आवाज फिरे. हा जागीच उभा हाये." साहेबानं सांगतलं होतं का त्या ऑर्गनच्या खोक्यात भोंगा गरगर फिरते. आता तसं खोकं या जंगलात कुठी भेटाचं?

मे महिना होता. चंद्रपूरचं ऊन तुमाले सांगाले नाई पाहिजे. भाऊ खोलीत कूलरसमोर डोकं धरून बसला होता. वहिनी बाहेरच्या बाजूनं कूलरमधी पाणी भरून राह्यली होती. तिथूनच ओरडली, "अहो, भाजी आणता का नाई?" अन् तिचा आवाज पंख्याच्या पात्यांतून तुकडे तुकडे होऊन आत आला. भाऊ ताडकन उठला. "वच्छला! अजून बोल!"

"काय बोलू जी?"

"काही बी बोल! मले शिव्या दे!"

वहिनीनं दिल्या. मनापासून दिल्या! हसू नका वहिनी, मी होती तिथी. तुमी भाजीपासून सुरू केलं अन् त्याच्या आजोबापर्यंत गेल्या. अन् हा माणूस खुशीनं नाचून राह्यला.

त्याच संध्याकाळी त्यानं कूलरची पाण्याची मोटर काढली, वाळ्याच्या ताट्या काढल्या, टाकी पुसून कोरडी केली. आत स्पीकर बसवला, समोर पंखा ठेवला. पंखा हळू केला का सूर डुले, जोरात केला का सूर थरथरे. मायबाई! भाऊ नुसता वाजवत राह्यला, अन् डोळ्यातून पाणी.

अन् त्या उन्हाळ्यात वच्छलावहिनी बिना कूलरची झोपली. अंगणात, ओला टॉवेल अंगावर घेऊन. याले तुमी छंद म्हणता, अध्यक्ष साहेब? दोघा नवरा-बायकोनं मिळून एक आवाज जन्माले घातला. तुमच्या भाषेत याले शब्द नसन तं गप राहा, पण छंद म्हणू नका.

अन् अजून एक ऐका. हा माणूस करंटले जेवढा भीत होता, तेवढा कोणालेच भीत नव्हता. वायरमन होता ना. घरात, स्टेजवर, कुठीही कोणी बटणाले हात लावाले गेलं का पह्यले ओरडे, "चप्पल घाल!" जेवली का, झोपली का, हे त्यानं मले कधी विचारलं नाई. चप्पल घातली का, एवढंच विचारे. माझ्यासाठी त्याच्या पिशवीत रबरी चपलांचा वेगळा जोड राहे. माईकले रुमाल गुंडाळून देणाराही तोच. म्हणे, "करंटले गाणं नाई समजत, चंद्रकला."

सिरोंच्याले, तेलुगू मुलखाच्या सीमेवर, आमचा कार्यक्रम होता, तिथी पह्यल्यांदा कूलर स्टेजवर चढला. लोक हसले, ऑर्केस्ट्रावाल्याईले गरमी होते म्हणे. मी सिनेमाचं गाणं म्हणून राह्यली होती. मधात म्युझिकचा तुकडा आला अन् भाऊनं ती पेटी पेटवली. मी माझी पुढची ओळच विसरली. मंग पुढं बसलेला एक मासे धरणारा म्हातारा ढीवर उभा राह्यला अन् ओरडला, "मळ्ळी! मळ्ळी!" त्यांच्या तेलुगूत मळ्ळी म्हणजे पुन्हा. मंग सारेच ओरडाले लागले. भाऊनं पुन्हा वाजवलं. परतीच्या रस्त्यानं टेम्पोत बसून तो नुसता मळ्ळी, मळ्ळी म्हणत होता, लहान लेकरासारखा.

आपल्या गावात त्याले कोणी पुन्हा म्हटलं का? तुमी म्हटलं? तुमी? इथी त्याले म्हटलं, "डिस्कोचा नंबर दाब." इथी त्याले म्हटलं, "ते भंगार आणू नको, स्टेज खराब दिसते." तो नंबर दाबे. पोट आहे ना मागं. नंबर दाबे अन् वाजवताना दुसरीकडे पाहे.

आता त्या संध्याकाळचं बोलते. वहिनी, तुमी कान झाका, नाईतर झाकूही नका. ऐका.

उत्सव आपलाच होता, जयंतीचा. पाहुणे मोठे येणार होते. आमचा टेम्पो आला तं समितीचे लोक धावत आले. स्टेजवर कूलर? पाहुणे काय म्हणतीन? कूलर खाली उतरूच दिला नाई. कान देऊन ऐका, मी दोनदा सांगते. कूलर टेम्पोत होता. ताडपत्रीखाली होता, त्याची वायर गुंडाळलेली होती. कूलर टेम्पोत होता! मंग छंदानं त्याले कसं नेलं? टेम्पोतून उतरून चालत आला का छंद?

धूळ उडू नये म्हणून मैदानात पाणी मारलं होतं. स्टेजवरच्या सतरंजीवरही मारलं. पाहुण्यांचे कपडे खराब व्हाले नाई पाहिजे ना! लोखंडी पाइपाचं स्टेज, त्याले लायटिंगची झालर कशीही बांधलेली. भाऊ म्हणाला, आधी अर्थिंग देऊ, एक खड्डा खोदू द्या. समितीवाले म्हणाले, आत्ताच मैदान सपाट केलं. अन् मंग स्टेजवर फोटो ठेवला, दिवा लावला, हार घातला. अन् कोणीतरी म्हणालं, "चपला काढा. फोटोपुढे चपला?"

मी तिथीच उभी होती. भाऊनं हात जोडले. म्हणाला, "साहेब, मान मनात राह्यते, करंट पायात येते. मले चप्पल घालू द्या."

तुमी हसले. "एवढा मोठा वायरमन अन् भितो!" असं म्हटलं. कोणी म्हटलं, ते मी नाव घेत नाई, ज्यानं म्हटलं त्याले माहीत आहे. भाऊ फोटोकडे पाहात राह्यला. फोटोपुढे वाद घालणारा तो माणूस नव्हता. त्यानं चपला काढल्या. एका कार्यकर्त्यानं त्या उचलून स्टेजखाली नेल्या.

अन् मंग तो माझा माईक सरकवाले गेला. माझाच माईक. रुमाल गुंडाळून द्याले. तेवढ्यात कोणीतरी झालरीचं बटण दाबलं, झालर लागली, लाल-हिरवी, अन् लोकाईनं टाळ्या वाजवल्या.

त्याच्या पुढचं मले सांगता येत नाई. एवढंच सांगते. सारे ओरडून राह्यले होते, मेन बंद करा, मेन बंद करा! अन् मेन स्विच कुठी आहे, ते कोणालेच माहीत नव्हतं. ज्यानं येताबरोबर ते पाहून ठेवलं होतं, तो खाली पडला होता.

दवाखान्यातून आलो तेव्हा स्टेजखाली त्याच्या चपला होत्या. निळ्या पट्ट्याच्या. दोन्ही एकमेकीजवळ, नीट ठेवलेल्या. मान राखला ना तुमी!

मले भांडाचं नाई. खोटं बोलली. मले भांडाचंच आहे. अध्यक्ष साहेब, पैसे नका देऊ, सत्कार नका करू, त्याच्या नावाचा कप नका ठेवू. फक्त वहिनीसमोर तो शब्द मागं घ्या. हा घ्या माईक. रुमाल गुंडाळलेला आहे, भिऊ नका.

नाई घेत? बरं. बसा. पाणी प्या.

काल गुलाबभाऊनं मले विचारलं, नवा वाजवणारा येऊन राह्यला, मशीनमधला प्रभाकरचा आवाज पुसाचा कसा? पुसा ना. तुमचं मशीन आहे. तसाही तिथी अर्धाच आवाज आहे. बाकीचा अर्धा वहिनीच्या अंगणात गंजून राह्यला आहे, त्याले तुमचं बटण पोचत नाई.

झालं माझं. आता उभं राहून दोन मिनिटं गप राह्याचं आहे. गप राह्याची आपल्याले सवय आहे, जमते आपल्याले. हा विहाराच्या कोपऱ्यातला कूलर तेवढा घरघर करून राह्यला. कोणीतरी बंद करा.

थांबा! ओ भाऊ, तुमी जे उठले, थांबा तिथीच. हात लावू नका. खाली पाहा, पाणी सांडलं आहे. तुमी अनवाणी आहात. साऱ्याईच्या चपला दारात आहेत. जा, आधी चप्पल घालून या. हो, विहार आहे, समोर मूर्ती आहे, मले दिसते. तरी घालून या. मान मनात राहू द्या.

आमी थांबतो. सारे उभे राहा. प्रभाकरभाऊले शेवटचा जयभीम हा माणूस परत आल्यावरच करू.

आले? घातली? दोन्ही पायांत?

करा आता बंद.