इस्त्रीच्या खोलीतला वारा

वहिनी, मंडळी, विद्यार्थ्यांनो,

बोलायला उठले खरी, पण काही लिहून आणलेलं नाही. सांभाळून घ्या.

मुकुंदराव शिर्के गेले. विद्यापीठाच्या या आपल्या प्रशिक्षण हॉटेलची सगळी वीज त्यांनी आखली. दिवा कुठे, पंखा कुठे, आणि कुठे काहीच नको, हेसुद्धा. मी इथे हाउसकीपिंग शिकवते. आमची ओळख भांडणातून झाली. भांडण झुंबरावरून.

या इमारतीचं वायरिंग नव्याने करायचं ठरलं, तेव्हा लॉबीत मोठं झुंबर लावायचं होतं. मुकुंदरावांनी नकाशावर त्याच्यावर काट मारली. मी विचारलं, "पाहुणा आत शिरल्यावर बघणार काय?" म्हणाले, "खिडकीतून खाडी दिसते की. ती बघेल."

माझं डोकं फिरलं. मी वरती पत्र लिहिलं. हा माणूस उजेडाच्या बाबतीत चिकट आहे, दुसरा बघा. खाली सही ठोकली. ते पत्र फिरत फिरत त्यांच्याच हातात गेलं.

दुसरा कोणी असता तर काम सोडून गेला असता. हे आले. म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं माझ्याबरोबर चला. मग भांडू."

भर दुपारी मला इस्त्रीच्या खोलीत नेलं. खिडकी नाही. पाणी तापवायचा बंबही तिथेच. आपली सुरेखा चादरींना इस्त्री करत होती. त्यांनी विचारलं, "काय गो सुरेखा, उकडतंय?" ती हसून म्हणाली, "सवय झाली, साहेब."

मी पाच मिनिटं उभी राहिले. पदराने मान पुसत राहिले. मंडळी, त्या खोलीत मी वर्षानुवर्षं रोज जात होते. घडी तपासायची आणि निघायची. उभी कधी राहिले होते?

मग त्यांनी नकाशा उघडला. भिंतीत मोठी खिडकी. पाणी गच्चीवर, उन्हावर तापणार. प्रत्येक टेबलावर पंखा. म्हणाले, "आपल्याला मिळणारी वीज ठरलेली आहे. ती लॉबीत टांगायची की इथे आणायची, तुम्हीच सांगा."

पत्र मी त्याच दिवशी मागे घेतलं. पण चुकले, असं तोंडाने कधी म्हटलं नाही. पुढे कितीदा ते आले, माझ्यासमोर बसून चहा प्यायले. त्या पत्राचा शब्द काढला नाही. उद्या म्हणू, उद्या म्हणू, करता करता राहून गेलं. वहिनी, आज तुमच्यासमोर म्हणते. चुकले मी. आणि फार उपकार झाले त्यांचे. फोटोखालची ती पांढरी चादर सुरेखाने आज सकाळी त्याच खिडकीशी उभं राहून इस्त्री केली आहे.

आता एकच. या हॉलमधले दिवे माणसाच्या हालचालीवर लागतात, हे तुम्ही जाणता. पहिल्या परीक्षेला मुलं रांगेत ताठ उभी राहिली आणि काळोख झाला. मी चिडून फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "जिथे कोणी हलत नाही, तिथे दिवा कोणासाठी जाळायचा, मॅडम?"

बाहेर संध्याकाळ झाली आहे. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. थोड्या वेळाने दिवे जातील. बिघाड नाही तो, त्यांचं काम आहे.

कोणी हात हलवू नका. जाऊ देत.