थांबासाहेब आणि काचेतला रंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आमच्या कारखान्याचे संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, आणि सकाळची पाळी संपवून, कपड्यांना लागलेला तो आपला उग्र वास तसाच घेऊन इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

सुरुवातीलाच सांगते, फोन मी मुद्दाम समोर ठेवलाय. बोलता बोलता नजर तिकडे गेली तर कृपा करून राग मानू नका. का ठेवलाय, ते ओघात येईलच.

सत्कारमूर्तींचं खरं नाव पत्रिकेवर छापलंय. ते वाचून आमच्या वेल्डरने मला विचारलं, "हे कोण हो?" त्याचीही चूक नाही. आम्ही यांना ओळखतो ते थांबासाहेब म्हणून. पात्रात काही बिनसलं, सगळ्यांची धावाधाव सुरू झाली, की साहेब कंट्रोल रूमच्या दारात उभे राहून म्हणायचे, "थांबा." बस्स, एवढंच! आणि माझ्या पायाला तर जन्मापासून भिंगरी. अशा माणसाच्या हाताखाली मी दिवस कसे काढले असतील, कल्पना करा. काकू सांगतात, लग्नाला होकार विचारला तेव्हाही हे "थांबा" म्हणाले होते. काकू, आता मान खाली घालू नका, तुम्हीच सांगितलंत.

पाहुण्यांसाठी आमचं काम थोडक्यात सांगते. मोठ्या बंद पात्रात आम्ही अल्कीन नावाचं, खनिज तेलातून मिळणारं रसायन घालतो, त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन वायू दाबाने सोडतो, आणि बाहेर काढतो अल्डिहाइड, म्हणजे पुढे प्लास्टिकला, रंगांना लागणारा कच्चा माल. पण ही तिघं आपणहून एकमेकांना विचारत नाहीत. त्यांची गाठ घालून देतो ऱ्होडियम नावाचा धातू. एवढ्या मोठ्या पात्रात तो जेमतेम काही मुठी असेल, तोही विरघळलेला. त्याला सांभाळायला भोवती असतं फॉस्फीन. फॉस्फीन भरपूर असलं की काम जरा सावकाश होतं, पण अल्डिहाइडच्या रेणूची साखळी सरळ येते, आणि गिऱ्हाइकाला तीच हवी असते. ते झिजलं की वाकड्या साखळ्या वाढतात, द्रावण काळवंडतं, आणि एकटा पडलेला धातू जाऊन भिंतीला चिकटतो. तिथून तो परत कामावर येत नाही.

आता मला सांगा, उत्पादन घटलं की कुणालाही काय सुचेल? उष्णता वाढवा! आकडा चढतोही हो थोडा वेळ, हीच तर पंचाईत आहे; आत फॉस्फीन मात्र आणखी झपाट्याने झिजतं. साहेब नवीन होते तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी नेमकं हेच केलं. पात्र उघडलं तर आतल्या भिंती आरशासारख्या चकाकत होत्या. सगळा धातू तिथे! साहेब म्हणतात, "त्या भिंतीत मला माझं तोंड दिसलं. मला कळत होतं, आणि मी मूग गिळून बसलो होतो." ते "थांबा" तिथून सुरू झालं.

आणि आज? आजच्या दिवशीच हे व्हायचं होतं! दुपारी झरोक्याच्या काचेतून बघितलं, तर द्रावणाचा स्वच्छ पिवळा रंग मळका झालेला. प्रयोगशाळेने सांगितलं, वाकड्या साखळ्या वाढल्यात. बाहेर टँकर उभे. माझा जीव टांगणीला. धावत फाटकाशी गेले, तर साहेब आपला बिल्ला जमा करत होते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, म्हणून कॉलरला लावायचा तो बिल्ला. वायू आला की तो कोकलतो. म्हटलं, "साहेब, रंग बिघडला." तर म्हणाले, "पात्र आता तुझं. तू बघ." आणि निघाले की हो घरी, शर्टाला इस्त्री करायला! मला इतका राग आला म्हणून सांगू. साहेब, तुम्ही जाताय याचं मला वाईट वाटतंच, पण खरं सांगू, त्याहून जास्त भीती वाटते.

अध्यक्ष महोदय, मघाशी आपण हळूच विचारलंत, "उष्णता वाढवलीत ना? टँकर भरून जायला हवेत." मी नुसती हसले. ते हसणं होकाराचं नव्हतं. मी उष्णता उतरवायला सांगितलीय आणि फॉस्फीन घालायला. उत्पादन आज आणखी घटेल आणि टँकर उभेच राहतील. माझं चुकलं, तर भिंतीत तोंड माझं दिसेल, साहेबांचं नाही. हे माईकवर सांगतेय, कारण चहाच्या टेबलावर आपण मला पटवलं असतंत. मी ओळखते ना स्वतःला.

बघा, आलाच कंट्रोल रूमचा निरोप. एक मिनिट हं. "मॅडम, रंग तसाच आहे. वाढवू का उष्णता?"

अरे देवा. आत्ता इथून उडी मारावी, पळत जावं आणि दिसेल तो व्हॉल्व्ह फिरवावा, असं होतंय मला. पण फॉस्फीनला वेळ द्यायला हवा, हे मला कळतंय. लिहिते. "थांबा." पाठवलं.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आणि माझी ही घालमेल आपण सगळ्यांनी सहन केलीत, त्याबद्दल मी आभारी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाच्या मानाला बोलता बोलता धक्का लागला असेल, तर आजच्या दिवसापुरतं पोटात घाला. चहाला मी नसेन, तेवढं सांभाळून घ्या.

आणि साहेब, मघापासून बघतेय, तुमचा हात सारखा कॉलरकडे जातोय. तिथे आता काही नाही. अहो, उठताय कुठे? काकू, धरा त्यांना!

साहेब, तुम्ही थांबा. मी जाते.