नणंदबाईंचा नवा फोन

नाही, नाही, तुमचा गोंधळ होतोय — चांगला कुठला ते मी विचारतच नाहीये, या दोघांतला वाईट कुठला ते सांगा. हा काळा आणि तो निळा. दोन्हींची माहिती मला पाठ आहे, आठवडाभर दुसरं काही वाचलेलं नाही. पण कागदावर सगळेच फोन गुणाचे पुतळे, नोकरीच्या अर्जातल्या माणसांसारखे. तुम्ही रोज हाताळता. घेताना गोड बोलतो आणि मग वापरणाऱ्याला रडवतो, असा यातला कुठला? … असं बघू नका माझ्याकडे. माझ्यासाठी नाहीये हा. आमच्या नणंदबाईंसाठी आहे.

हो, त्यांनीच पाठवलंय मला. या दोन फोनांपर्यंत त्या स्वतः पोचल्या, पुढे अडकल्या, मग म्हणाल्या, तूच ठरव बाई, तुला वाचायची हौस आहे. आता याला हौस म्हणायचं का, तुम्हीच सांगा. बाळ झालं तेव्हा मी ताप मोजायचं यंत्र आणलं. ते खरं बोलतंय का बघायला दुसरं आणलं. दोघांचं जमेना म्हणून तिसरं. आता बाळाचं अंग गरम लागलं की तिघांचं मत घेते आणि बहुमताने औषध देते. घरात यावर पुष्कळ हसून झालंय, मीही हसते, हसण्यासारखं आहेच ते — पण कुणाला काही विकत घ्यायचं असलं की सगळ्यांना मीच आठवते. तर नणंदबाईंनी हा जुना फोन माझ्या हातात दिला, पिन सांगितला, म्हणाल्या, खालची अर्धी काच बोटाला दादच देत नाही, हा देऊन टाक बदल्यात, आतलं सगळं नव्यात घालून आण. माणूस ज्याचा केसाने गळा कापतो ना, त्याच्यावरच किती निर्धास्त विसंबतो बघा.

बरं, निळ्यात काय वाईट? … बॅटरी. बरं. … समोरचा कॅमेरा चेहरा पांढराफटक दाखवतो? छान. अजून? … गरम होतो. किती गरम? म्हणजे कानाला चटका बसेल असा, की नुसती कुरबुर करण्याइतपत? मला कुरबुरीइतपतच हवाय. चटका बसला तर त्या लगेच परत आणून देतील. कुरबुर माणूस वर्षानुवर्षं सोसतो, तोंडातल्या तोंडात. मला अनुभव आहे. … नाही, चेष्टा नाही करत. तुम्हाला वाटेल काय बाई आहे, खुनशी. पण मी अशी नव्हते हो. लग्नाआधी मला कुणी वाईट बोललं तर मीच घरी जाऊन विचार करायची की आपलं काय चुकलं. अजूनही करते. तेच तर दुखणं आहे.

सांगते. तुम्ही बसा, उभं राहून ऐकण्यासारखं नाहीये. एक फोटो आहे. दुपारची वेळ, मी पलंगावर आडवी, तोंड उघडं — चांगलं गुहेसारखं उघडं — केस असे, अंगातल्या गाऊनची बटणं खालीवर लागलेली. शेजारी आमचा टिल्लू, पावडरचा डबा उपडा करून नखशिखांत पांढरा, पलंगाच्या अगदी काठाशी बसलेला, आणि हसतोय. दात नसलेलं हसू. आमच्या नणंदबाई समोरच्याच घरात राहतात, दार लोटून कधीही येतात. त्या दिवशीही आल्या, आणि त्यांनी हा फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘आईसाहेब पहाऱ्यावर आहेत.’ आता फोटो मजेशीर आहे, मी नाही म्हणत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरातला असता तर मीसुद्धा पोट धरून हसले असते. मामेसासऱ्यांनी त्याचा स्टिकर केला. तेव्हापासून ग्रुपवर मी काही म्हणाले — समजा, उद्या नळाला पाणी नाही, भरून ठेवा — की उत्तर म्हणून माझंच उघडं तोंड येतं. यांनीसुद्धा एकदा पाठवलं. हे म्हणजे आमचे हे. मग म्हणाले, चुकून बोट लागलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज काळाच घेतला असता, खरं सांगते. पण हसून झाल्यावर सासूबाईंनी तो फोटो मोठा करून पाहिला, चष्मा लावून, आणि विचारलं, याच्या बाजूला उशी का नाही? तिथून फिरलं सगळं. मी म्हटलं, उशी होती. मी उशी लावल्याशिवाय त्याला पलंगावर ठेवतच नाही, मोठी उशी आडवी लावते, बांध घातल्यासारखी. सासूबाई म्हणाल्या, अगं, हा फोटो काय खोटं बोलतोय? आणि नणंदबाई, त्या तिथेच होत्या, सोफ्यावर पाय वर घेऊन, काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, ‘जाऊ दे आई, मी वेळेवर पोचले म्हणून. नाहीतर पडलाच होता.’

त्या रात्रीपासून टिल्लू सासूबाईंच्या खोलीत झोपतो. … आपलं दुपारपुरतं नव्हे, रोज रात्री. पाळणाच तिकडे हलवला त्यांनी. यांना विचारलं तर म्हणतात, तुलाही विश्रांती होईल, थोडे दिवस जाऊ देत. थोडे दिवस म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. भिंतीपलीकडे तो रडतो आणि मी पायात चपला अडकवेपर्यंत त्या त्याला उचलून गप्प करतात. वाईट नाहीत हो त्या, मायेनेच करतात सगळं. मायेने केलेल्याशी भांडता येत नाही ही तर पंचाईत. आणि त्याहून मोठी पंचाईत सांगू? मलाच खात्री नाही. मी उशी लावली होती का? दोन रात्री झोप नव्हती, पापण्या मिटत होत्या, रोज लावते म्हणून त्या दिवशीही लावली असं वाटतंय का मला? फोटोत तर नाहीये. तो फोटो मी इतक्या वेळा पाहिलाय की आता मलाही आठवतं उशी नसल्याचं. म्हणजे हे बघा, उट्टं काढायला आलेय, पण ज्याचं उट्टं काढायचं ते खरं घडलं की नाही हेसुद्धा धड ठाऊक नाही. असली मी वैरीण. तर निळा बांधा. त्यांना फोटोंचा भारी शौक आहे ना, मग येऊ देत चेहरा पांढराफटक.

… काय म्हणालात? पडद्यातला फरक एकदा बघून घ्यायचा? कशाला, वाईट हवाय म्हटलं ना. … बरं, तुमचा धंदा आहे, तुम्हाला काळा विकायचाय, कळतं मला. दाखवा. एकच फोटो दोन्हींवर लावून दाखवणार? मग हाच लावा, नणंदबाईंच्या या जुन्या फोनात असेलच, पावडरवाला. निदान काय कुठे आहे ते मला तोंडपाठ आहे. हं. हा निळ्यावर. रंग जरा मेलेले आहेत, बरोबर. आणि काळ्यावर — अगंबाई, माझ्या दाढासुद्धा मोजता येतील यात. पुरे, कळला फरक, बंद करा. … अजून एक गंमत काय? दाबून धरू? काय होतं दाबून धरलं की?

…

हे काय हललं?

नाही, थांबा. हात लावू नका. हा तर फोटो आहे, व्हिडिओ नाही, मग हलतोय कसा? … बटण दाबण्याच्या आधीचं थोडंसं पकडून ठेवतो फोन. आपोआप. म्हणजे जिने काढला तिलाही पत्ता नसतो. … ग्रुपवर पाठवला की नुसता स्थिर जातो. हो, तसाच आला आमच्याकडे. पुन्हा दाबा. … पुन्हा. आवाज वाढवता येतो का? जरा त्या पंख्याचं बटण बंद करा ना.

ऐकलंत तुम्ही? काय म्हणाल्या त्या? मला ऐकू आलं ते तुम्हालाही आलं का, म्हणून विचारते, मी आजकाल स्वतःच्या कानांवर नाही विसंबत. … हो ना? ‘ही उशी मध्ये येतेय.’ आणि हा हात. ही अंगठी नणंदबाईंची, हा हात त्यांचा, आणि ही निळ्या पट्ट्यांची उशी, बघा, ही, आडवी, काठाला लावलेली, जशी मी लावते तशीच, आणि त्या ती ओढून बाजूला घेतायत. फोटो चांगला यावा म्हणून. उशीमुळे त्याचं पोट दिसत नव्हतं ना. एवढंच असेल, दुष्टपणा नसेल, चौकट नीट साधायची होती त्यांना. पण मग सासूबाईंनी विचारलं तेव्हा? तेव्हा तोंडात काय होतं? ‘मी वेळेवर पोचले’ म्हणे. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

अजून एकदा दाबा. नाही, उशी बघितली मी, ते नाही. हे, इथे खाली बघा. माझा हात. उशीवर टेकलाय आणि बोटं त्याच्या पायाभोवती आहेत. झोपेत. आणि त्या उशी ओढतात तेव्हा हात घसरून गादीवर पडतो, असा, सुटून. आणि मग तो फोटो. … नाही, रडत नाहीये. एसीचं वारं डोळ्यांत जातंय तुमच्या.

हं. तर आता नीट सांगा. निळा घेतला आणि यातलं सगळं त्यात टाकलं, तर हे हलणारं राहतं का? … नाही राहत. नुसता स्थिर फोटो उरतो. आणि जुना तर तुम्ही आजच पुसून टाकणार. म्हणजे निळा घेतला तर तो चेहरा पांढराफटक दाखवील, कान गरम करील, मनातल्या मनात मी हसेन, आणि टिल्लू राहील भिंतीपलीकडे. मीच माझ्या हाताने बुजवला असता हो पुरावा, सूड घेण्याच्या भरात. शहाणी ना मी, तीन यंत्रांनी ताप मोजणारी.

काळा द्या. … हो, त्यांनाच. चांगलाच फोन जाऊ दे त्यांना, सगळ्यात मोठ्या पडद्याचा, सगळ्यात स्वच्छ आवाजाचा. आतलं सगळं घाला, एक फोटो गळता कामा नये, आणि मगच जुना पुसा. याचा व्हिडिओ करून माझ्याकडे पाठवता येईल? तेही करा, माझा नंबर लिहून घ्या. तुमच्या दाखवायच्या फोनांमधून मात्र आत्ता काढून टाका, माझ्या दाढा गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवू नका. आणि आणखी एक — फोन उघडायच्या आधी पडद्यावर जो फोटो दिसतो ना, तिथे हा लावता येतो का? हलणारा? … फोन जागा केला की दर वेळी हलेल. दर वेळी. आवाज नाही येणार तिथे? हरकत नाही, आवाज मी ऐकवीन.

… काय? एकट्यात गाठून सांगू त्यांना? जनाची नाही तर मनाची तरी वाटेल? दादा, तुम्ही भले आहात. मीही भलीच होते, इतकी की स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उठेपर्यंत. एकट्यात सांगितलं तर एकट्यातच मिटेल. हसले होते ते सगळ्यांसमोर, पाळणा हलवला तोही सगळ्यांसमोर, यांनी आणि सासूबाईंनी दोन बाजू धरून. आज रविवार, सगळे पुढच्या खोलीत बसलेले असतील, मामेसासरेसुद्धा आलेत. मी फोन आधी नणंदबाईंच्या हातात देणारच नाहीये. सासूबाईंच्या देणार. म्हणेन, आई, तुम्हीच चष्मा लावून बघा बरं, आला का नीट.

थांबा, माझा फोन वाजतोय. नणंदबाईंचाच आहे, आमच्या यांच्या फोनवरून. — हो ताई. हो, घेतला. काळा. नाही, निळा नाही, तो तुमच्या योग्यतेचा नव्हता. हो, फोटो सगळे येतायत. निघतेच. —

खोका नको, पिशवी नको, चालू ठेवा आणि तसाच द्या. नाही, चहा नको आता. तुम्ही माझ्याकडे बघत उभे राहू नका, ते गृहस्थ केव्हाचे खोळंबलेत, त्यांना विचारा काय हवंय. मला घरी जाऊन पाळणा हलवायचाय.