पाय पडू द्या, मग बोला

पिकलबॉलच्या पंचांची परीक्षा होती. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक काका-काकू बसले होते. परीक्षा काकांची होती आणि काकू त्यांना बजावत होत्या.

“हवेतला चेंडू मारताना पाय जाळीजवळच्या पट्ट्यात पडला, तर फॉल्ट. पण आधी पडू द्या, मग बोला.”

“अगं, मागच्या परीक्षेत त्या खेळाडूचा पाय पडणारच होता. मला दिसत होतं.”

“म्हणून ओरडलात, ‘ताई, पाय सांभाळा!’ पंच होतात की तिचे मामा?”

“तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. चूक व्हायच्या आधीच तोंड उघडतं.”

“आज उघडलंत तर पुन्हा नापास. तिसऱ्यांदा मी सोबत येणार नाही.”

“येशील.”

“येईन. पण वाटेत एक शब्द बोलणार नाही.”

“मग नापासच होतो.”

“पुरे! चला, तुमचा नंबर आला. अहो, माझ्या पायांकडे काय बघताय?”

काका काही न बोलता खाली वाकले आणि त्यांनी काकूंच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

“बोललो का मी काही?”

“नाही. मुद्दामच सोडली होती मी.”

“म्हणजे पास?”

“माझ्याकडून पास. आता आत जाऊन कुणाच्या नाड्या बांधू नका, म्हणजे झालं.”